नाटक उभं ठेवणाऱ्या माणसांचा सत्कार नेमका कसा करावा?

धानबांधी

नमस्कार मंडळी. जरा लांबण लावून लिहितो आहे, कारण गोष्ट वर्षभर मनाला टोचते आहे.

आमचं गाव गडचिरोली जिल्ह्यातलं, वैनगंगेच्या अंगाचं. झाडीपट्टीतल्या लोकांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी: दिवाळी उरकून धान घरात आलं की आमच्याकडे नाटकांचा हंगाम लागतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, चारही जिल्ह्यांत गावोगावी मंडई (म्हणजे जत्रा) किंवा शंकरपट (बैलांच्या शर्यती) भरतो आणि त्या रात्री नाटक असतं. गावचं मंडळ वडशाला जाऊन कंपनी ठरवतं, शामियाना उभा राहतो, रात्री दहाच्या सुमारास घंटा होते आणि प्रयोग संपतो तेव्हा पूर्वेला फटफटलेलं असतं. लेकी-जावई, सोयरेधायरे मुक्कामाला येतात. कित्येक सोयरिकी त्याच रात्री बोलल्या जातात.

२०२३ मध्ये झाडीपट्टी रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आख्ख्या झाडीपट्टीला आपल्याच घरात सन्मान आल्यासारखं वाटलं. त्याच आनंदात आमच्या मंडळाने ठरवलं की कलावंतांच्या मागे जी माणसं वर्षानुवर्षं उभी आहेत त्यांचाही सत्कार करायचा. चौघं निवडले. एक प्रॉम्प्टर काका, म्हणजे विंगेतून नटांना वाक्यं सांगणारे. आपलं धान काढून झाल्यावर दरवर्षी बांधी, म्हणजे धानाचं शेत, शामियान्याला देणारे शेतकरी. जुने पडदे सांभाळणारे, फाटले तर शिवून रंगवून देणारे पेंटर. आणि ज्यांच्या घरी नाटकातल्या बाया-पोरी उतरतात त्या आजी.

सत्कार दोन अंकांच्या मध्ये ठेवला आणि तिथेच चुकलं. आधी पुढाऱ्यांची भाषणं झाली, मग देणगीदारांची नावं वाचली. यात तास गेला. प्रॉम्प्टर काकांचं नाव पुकारलं तेव्हा ते विंगेत पुढच्या अंकाची पानं लावत होते. त्यांना उठता येईना. त्यांची शाल भलत्याच माणसाने घेतली, फोटोही त्याचाच निघाला. आजी तर आल्याच नाहीत, कारण त्या वेळी त्यांच्या घरी बारा जणांच्या चहाचं आधण चुलीवर होतं.

काका काही बोलले नाहीत. पहाटे पानं गोळा करून रबर लावलं आणि निघून गेले. मी सचिव आहे, जबाबदारी माझी होती. यंदा हे नीट करायचं आहे. तुमच्याकडे, तुमच्या कलेत हे कसं करतात? अनुभव सांगा.

जवारी

धानबांधीजी, आधी तुमच्या काकांना माझा नमस्कार पोचवा.

मी मिरजेची. घरात सतार-तानपुऱ्याचं काम नाही, पण गल्लीत लहानपणापासून पाहिलेलं आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, दोन्हींना वेगवेगळं. आनंद झालाच. त्या वेळी एका कारागिराने मला जे सांगितलं ते तुमच्या प्रश्नाला लागू पडेल म्हणून लिहिते.

ते म्हणाले, तानपुरा ऐकणारा गवयाचं नाव घेतो. फार जाणकार असेल तर जवारी कुणी काढली ते विचारतो. जवारी म्हणजे घोडीचा पृष्ठभाग कानसून असा करायचा की तारेच्या आवाजाला ती गुंजणारी झळाळी येते. हे हाताचं आणि कानाचं काम, दिवस दिवस जातो. पण त्याच्याही आधी भोपळा आहे. तो कडू भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या पट्ट्यातले शेतकरी पिकवतात. तानपुऱ्याला लागणारं मोठं, गोलसर, न डागलेलं फळ वेलावर जपायचं, पूर्ण वाळू द्यायचं. पावसाने घात केला तर त्या वर्षी वाद्याला भोपळाच मिळत नाही. ‘आमच्या सगळ्या शाली आम्ही त्या शेतकऱ्याच्या दारात नेऊन ठेवल्या पाहिजेत,’ हे त्यांचे शब्द.

म्हणून माझी पहिली सूचना अशी, की यादी मंडळाने बसून करू नका. कलावंतांना एकेकटं गाठून विचारा: ‘कोण नसतं तर तुमचं अडलं असतं?’ आणि जे नाव येईल त्या माणसालाही हाच प्रश्न विचारा. दुसऱ्या-तिसऱ्या पायरीला अशी नावं येतात जी कुठल्याच पत्रिकेवर आजवर आलेली नसतात.

दहीकाला

वेंगुर्ल्याकडचा आहे, दशावताराचा माणूस. स्वतः काम करत नाही, पण एका कंपनीबरोबर बरीच वर्षं फिरलोय.

आमच्याकडे दशावताराला लिहिलेली संहिता नसते. आज कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं, पात्रं वाटली जातात आणि संवाद उभ्या उभ्या होतात. रंगभूषा ज्याची त्याने करायची. त्यामुळे प्रॉम्प्टर हा प्रकार नाही. पण जत्रांचा मोसम लागला की कंपनी रोज नव्या देवळात. आज या गावची जत्रा, उद्या खाडीपलीकडची. पेटारे, पेटी, मृदंग, माणसं, सगळं एका गाडीत. आणि ती गाडी पहाटे, रात्रभर नाचून गळालेली माणसं आत झोपलेली असताना, घाटीतून सुखरूप नेणारा चालक.

आमच्या चालकाला तेवीस वर्षं झाली तेव्हा आम्ही ठरवलं की याचा मान करायचा. कंपनीच्या मालकाने आधी त्यालाच विचारलं, ‘तुका काय होया?’ तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, ‘माका एक नाटक पुरा बघूचा हा.’

आम्ही सगळे सुन्न. आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. पहाटे गाडी चालवायची म्हणून तो माणूस दर रात्री आडदशावतार, म्हणजे आख्यानाआधीचा भाग, सुरू झाला, त्यातला संकासुर आला की गाडीत जाऊन झोपायचा. तेवीस वर्षं मृदंग आणि झांजेच्या आवाजात झोपला होता आणि एकही आख्यान त्याने शेवटपर्यंत पाहिलेलं नव्हतं.

त्या रात्री शेजारच्या गावचा दुसरा चालक बोलावला. आमचा बायको-मुलांसकट पहिल्या रांगेत बसला. राजा सभेत आल्यावर पहिलं वंदन देवाला, दुसरं त्याला केलं. भाषण कुणी केलं नाही. खेळाच्या शेवटी दहीहंडी फुटेपर्यंत तो हलला नाही.

धानबांधी, तुम्ही काकांना विचारलंय का, त्यांना काय हवं आहे ते?

धानबांधी

दहीकाला दादा, नाही विचारलं. चौघांपैकी कुणालाच नाही. आज-उद्या जातो.

सांगलीचा_पडदा

थोडा इतिहास मध्ये आणतो.

१८४२ मध्ये कर्नाटकातली भागवत मंडळी सांगलीत खेळ करून गेली. सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धनांनी तो खेळ पाहून आपल्या पदरच्या विष्णुदास भाव्यांना तसं काही मराठीत करायला सांगितलं आणि १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ उभं राहिलं. आपण ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन साजरा करतो, सांगलीत त्या दिवशी भाव्यांच्या नावाचं गौरवपदक ज्येष्ठ रंगकर्मीला दिलं जातं. या कथेत भावे आहेत आणि राजा आहे. १८५१ मध्ये चिंतामणराव गेले आणि दरबारचा आश्रय आटला. भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव फिरावं लागलं, १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून खेळ केले.

मुद्दा हा की आधार एका माणसावर टेकलेला असला की तो माणूस गेल्यावर कला उघड्यावर येते. भाव्यांच्या मंडळींना फिरतीवर कुणी उतरवून घेतलं, बैलगाड्या कुणी दिल्या, सोंगांचे दागिने कुणी दुरुस्त केले, ते आज आपल्याला नावानिशी माहीत नाही. राजाचं नाव मात्र प्रत्येक पुस्तकात आहे. ते असावंच, त्याने पहिलं पाऊल टाकलं. पण बाकीच्यांची नोंद त्या वेळी झाली नाही म्हणून आज काहीच करता येत नाही. तुमच्या हातात अजून वेळ आहे, तुमची माणसं हयात आहेत. शालीपेक्षा नोंद मोठी. प्रत्येकाशी तासभर बोला, फोनवर ध्वनिमुद्रण करा, कोणत्या साली काय केलं ते लिहून काढा.

कोल्हापूरचंही आठवतं. शाहू महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर १९१५ मध्ये सुरू झालं, पुढे त्याला केशवराव भोसल्यांचं नाव दिलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. त्या आगीनंतर नट-नट्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते सगळ्यांनी पाहिलं. मला मात्र सतत वाटत होतं की त्या रंगमंचाची फळी न् फळी, दोरी न् दोरी ज्यांच्या हाताखालून गेली त्या माणसांना त्या रात्री काय वाटलं असेल.

राहुटी

तमाशाकडून दोन शब्द. आमच्याकडे सन्मान आणि आधार यांची फारकत फार दुखावणारी आहे.

विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला. १५ जानेवारी २००२ ला त्या गेल्या तेव्हा घरची परिस्थिती काय होती हे तमाशात सगळ्यांना ठाऊक आहे. आता त्यांच्या नावाने राज्य शासन जीवनगौरव पुरस्कार देतं, चांगलं आहे. पण जिवंत असताना औषधाचा खर्च कुणी उचलला, ती यादी वेगळीच आहे. ती माणसं कुठल्या व्यासपीठावर नव्हती.

नारायणगावात पाडव्याच्या सुमाराला फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले येऊन सुपाऱ्या देतात, म्हणजे आपल्या यात्रेचा खेळ ठरवतात. आमच्या फडाला एक गाव आहे, नाव सांगत नाही, ज्याने सलग अठरा वर्षं सुपारी मोडली नाही. दुष्काळाच्या वर्षी पैसे कमी दिले, पण बोलावलं. महामारीत यात्रा बंद होत्या, फड घरी बसले होते, तेव्हा त्या गावाने दोन वर्षं ज्वारीची पोती पाठवली. त्या यात्रा कमिटीचा सत्कार आमच्या फडाने केला. गण झाल्यावर, गवळणीच्या आधी, सगळ्या फडाने वाकून. उलटा सत्कार म्हणा. कलावंताने रसिकाचा केलेला.

एवढंच सांगायचं होतं की सत्कार नेहमी मंडळानेच का करावा? कंपनीला करू द्या. काकांच्या हातून ज्यांची वाक्यं सावरली गेली त्या नटांनी त्यांच्या गळ्यात हार घालावा.

देणारा_हात

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नये.

मी एका गावात दरवर्षी नाटकाच्या जनरेटरचं डिझेल आणि शामियान्याचं निम्मं भाडं देतो. इथे सूर असा दिसतो की देणगीदारांची नावं वाचली म्हणून कार्यक्रम बिघडला. देणगीदारही आधारच आहे ना? मला शाल नको. पण पैसे देणारा म्हणजे मिरवणारा असं धरून चालणं बरं नाही. मी देतो कारण माझ्या वडिलांनी मला खांद्यावर बसवून नाटक दाखवलं होतं.

धानबांधी

देणारा_हात, तुमचं म्हणणं खरं आहे आणि माझ्या लिहिण्यातून तसा अर्थ निघाला असेल तर माफ करा. देणगीदार नसते तर आमचाही शामियाना उभा राहत नाही. चूक नावं वाचण्याची नव्हती, वेळेची आणि क्रमाची होती. तुम्हालाच विचारतो: तुम्हाला काय केलेलं आवडेल?

देणारा_हात

विचारलंत म्हणून सांगतो. हिशेब. नाटक झाल्यावर आठ दिवसांत गावच्या पारावर जमा-खर्च वाचून दाखवावा आणि कागद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा. माझे पैसे डिझेलला गेले, अमक्याचे पडद्याला गेले, इतके उरले. इतकी वर्षं देतोय, एकदाही हिशेब ऐकला नाही. संशय म्हणून नाही म्हणत. माझ्या पैशाने कुठला दिवा लागला ते कळलं की पुढच्या वर्षी हात आपोआप खिशाकडे जातो.

पायरव

मी झाडीपट्टीत सात हंगाम काम केलं आहे. नागपूरहून जायचे. आजींबद्दल वाचलं आणि राहवेना, म्हणून लिहिते.

बाईमाणसाला दौऱ्यावर काय लागतं ते बाहेरच्याला कळत नाही. दार आतून लागणारी खोली. न विचारता दाखवलेलं न्हाणीघर. पहाटे पाचला, चेहऱ्यावरचा रंग उतरवायला, खोबरेल तेल आणि गरम पाणी. आणि गावातल्या कुणी टारगटाने दाराशी घुटमळायला सुरुवात केली तर ओट्यावर काठी घेऊन बसलेली एक म्हातारी. एकदा मला ताप भरला होता. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या बाईंनी रात्रभर माझ्या उशाशी बसून सकाळी मला दुसऱ्या गावच्या प्रयोगाला पाठवलं, सोबत भाकरी बांधून. त्यांनी माझं नाटक पाहिलं नव्हतं. कधीच पाहिलं नाही.

त्या काळी लोक आम्हाला काय काय म्हणायचे, ते मी इथे लिहीत नाही. अशा वेळी जी बाई आपल्या घरात, आपल्या सुनांच्या शेजारी आम्हाला झोपवते, ती गावाचे टोमणे स्वतःवर घेते. नाटकाला याच्याइतका आधार दुसरा नाही, असं मी तरी मानते.

धानबांधी, आजींना व्यासपीठावर बोलावूच नका. त्यांना ते अवघड होईल आणि कामही अडेल. मंडळाने, कंपनीतल्या बायांना घेऊन, दिवसाउजेडी त्यांच्या घरी जावं. त्यांच्या सुनांसमोर, शेजारणींसमोर ओटी भरावी, साडी द्यावी आणि मोठ्याने सांगावं की तुमच्या घरामुळे आमच्या लेकी या गावात निर्धास्त येतात. ते शेजारणींच्या कानावर पडणं गरजेचं आहे. आणि शक्य असेल तर मंडळाच्या खर्चाने त्या खोलीला चांगली कडी आणि न्हाणीघराला दार करून द्या.

जवारी

पायरव ताई, कडी आणि दार. हे वाचून थांबले. याहून नेमकी भेट मला तरी सुचली नसती.

कागदपत्र

मी एका जिल्ह्यात कलाकारांचे मानधनाचे अर्ज भरून द्यायला मदत करतो. कामाची एक बाजू मांडतो.

राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची ज्येष्ठ साहित्यिक-कलाकार मानधन योजना आहे. वय ५० च्या पुढे आणि कलाक्षेत्रात किमान १५ वर्षं काम, अशी साधारण अट. उत्पन्नाचीही मर्यादा आहे. २०२४ पासून सरसकट दरमहा ५,००० रुपये आहेत. नटाकडे निदान जाहिरातीची पत्रकं असतात, त्यावर नाव छापलेलं असतं. प्रॉम्प्टर, पेटीवाला, पडदेवाला, ढोलकीवाला यांच्याकडे काही नसतं. माणूस चाळीस वर्षं काम करून येतो आणि पुरावा विचारला की गप्प बसतो. मी अशा माणसांना रिकाम्या हाताने परत जाताना पाहिलं आहे, त्यांतले दोघे आता नाहीत.

म्हणून सत्काराचं मानपत्र लिहिताना हात राखून विशेषणं लिहा आणि तपशील सढळ हाताने. ‘कलेचे निस्सीम उपासक’ या ओळीचा अर्ज भरताना काही उपयोग होत नाही. ‘अमुक सालापासून अमुक मंडळाच्या नाटकांसाठी प्रॉम्प्टर म्हणून काम केले’ ही ओळ, मंडळाचा नोंदणी क्रमांक, शिक्का, अध्यक्ष-सचिवांच्या सह्या आणि तारीख असेल तर तो कागद दाखवता येतो. मानधन मिळेलच असं मी सांगू शकत नाही, निवड समितीच्या हातात असते. पण कागद असला तर अर्ज तरी पुढे सरकतो. मानपत्राच्या दोन प्रती करा. एक चौकटीत, एक लॅमिनेट न केलेली, झेरॉक्ससाठी.

आणि वरच्या पातळीवरचं सांगायचं तर पद्म पुरस्कारासाठी कुणीही नागरिक कुणाचंही नाव सुचवू शकतो. ८०० शब्दांपर्यंत निवेदन लिहावं लागतं. ते लिहायला बसलं की तपशील किती कमी आहेत ते कळतं. रंगमंचामागच्या लोकांना मोठे मान मिळत नाहीत असं नाही. प्रकाशयोजनाकार तापस सेन यांना १९७४ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण त्यांचं काम कुणीतरी नीट मांडलेलं, लिहिलेलं होतं. खेड्यातल्या माणसाचं लिहायचं काम आपलं आहे.

सांगलीचा_पडदा

कागदपत्र, नोंद म्हणजे मला हेच म्हणायचं होतं, पण तुम्ही ते कुठे उपयोगी पडतं तेही दाखवलंत.

धानबांधी

मंडळी, चार दिवस सगळ्यांकडे जाऊन आलो.

बांधी देणारे शेतकरी म्हणाले, सत्कार नको, नाटक झाल्यावर खुंट्या, खिळे आणि प्लॅस्टिक उचलून द्या. मागच्या वर्षी नांगराला खिळे लागले आणि बैलाच्या खुरात एक गेला. मला हे माहीतच नव्हतं. यंदा दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाची पंधरा पोरं बांधी साफ करणार. सरपंचांनी लोहचुंबकाची पट्टी कुठून तरी मिळवून देतो म्हटलंय.

पेंटर म्हणाले, पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात मला नाव घालू द्या. वीस वर्षांपूर्वी त्या वेळच्या कुणीतरी नाव घालू नको म्हणून सांगितलं होतं, तेव्हापासून घातलं नाही. यंदा राजवाड्याच्या, जंगलाच्या आणि रस्त्याच्या, तिन्ही पडद्यांवर ते नाव घालतील. ब्रश हातात घेऊन कोपरा दाखवताना त्यांचा हात जरा थरथरला.

आजींकडे पायरव ताईंनी सांगितलं तसंच करणार आहोत. कडीचं माप घेऊन आलो. आजी म्हणाल्या, ‘दोन कड्या लाव जी, एक वर, एक खाली.’

आता काका. त्यांना म्हटलं, यंदा दुसरा प्रॉम्प्टर आणतो, तुम्ही काकूंना घेऊन पुढे बसा, नाटक समोरून पाहा. दहीकाला दादांची गोष्टही सांगितली. काका हसले. म्हणाले, समोर बसलो तर मला प्रत्येक वाक्याआधी धडधडेल, नाटक दिसणारच नाही, मला तिथेच राहू दे. मग आत जाऊन लोखंडी पेटी घेऊन आले. त्यात वह्या. हाताने उतरवलेली नाटकं, समासात लाल पेनाने खुणा: इथे श्वास, इथे अमका अडखळतो, इथे टाळी येते तेव्हा थांब. एका पानावर लिहिलं होतं, ‘हिला पहिला शब्द पुरतो, दुसरा देऊ नको.’ कुठल्या नटीबद्दल ते त्यांनी सांगितलं नाही.

म्हणाले, ‘सत्कार करायचाच तर या वाळवीपासून वाचव.’

तालुक्याला जाऊन सगळ्या वह्या स्कॅन करून आणतो आहे. एक संच कंपनीला, एक वाचनालयाला, मूळ वह्या काकांकडेच. काका विंगेतच राहतील. पडदा उघडण्याआधी, भाषणांच्याही आधी, कंपनीचे सगळे कलावंत रंग लावून विंगेत त्यांच्याकडे जातील आणि तिथेच हार घालतील. ध्वनिक्षेपकावरून त्यांचं नाव आणि काम सांगू, म्हणजे शामियान्यात सगळ्यांना कळेल की ते कुठे बसले आहेत. पुढाऱ्यांना एकत्र मिळून दहा मिनिटं. तसं बोलूनही आलो, कुणी वाईट वाटून घेतलं नाही. जमा-खर्च आठव्या दिवशी पारावर.

मानपत्राचा मसुदा खाली देतो. काकांचं नाव इथे टाकत नाही. चुका सांगा.

‘श्री. …… यांनी सन १९९८ पासून आमच्या मंडळाच्या सर्व वार्षिक नाट्यप्रयोगांसाठी प्रॉम्प्टर म्हणून विनामोबदला काम केले. याच काळात त्यांनी ४१ नाटकांच्या संहिता स्वहस्ते उतरवून त्यांत प्रयोगाच्या खुणा नोंदवल्या. मुख्य नट आयत्या वेळी आजारी पडल्याने दोन प्रयोगांत बदली नटास संपूर्ण भूमिका विंगेतून सांगून प्रयोग पार पाडला. त्यांच्या वह्यांची प्रत मंडळाच्या वतीने गावच्या वाचनालयात ठेवण्यात येत आहे.’ खाली नोंदणी क्रमांक, शिक्का, सह्या, तारीख.

कागदपत्र

उत्तम. एकही शब्द वाया नाही. ‘विनामोबदला’ च्या शेजारी त्यांनी बाहेरच्या कंपन्यांसाठी मानधनावर काम केलं असेल तर तेही वेगळ्या ओळीत लिहा, म्हणजे उद्या कुणी शंका काढणार नाही.

पायरव

‘बदली नटास संपूर्ण भूमिका विंगेतून सांगून’ हे वाचताना अंगावर काटा आला. मी तशी एक रात्र पाहिली आहे. रात्रभर तो आवाज ना वाढला ना तुटला.

दहीकाला

आमच्या चालकाला हा धागा वाचून दाखवला. म्हणतो, त्या काकांका माझो नमस्कार सांगा.

धानबांधी

नमस्कार पोचवला. मसुदाही वाचून दाखवला. काकांनी एकच दुरुस्ती सांगितली: १९९८ नाही, १९९७. मी म्हटलं, काका, मंडळाच्या वहीत १९९७ ला प्रयोग झाल्याची नोंदच नाही. म्हणाले, अवकाळी पाऊस आला होता, पहिल्या अंकातच शामियाना बसला, लोक घरी गेले. पण तो अर्धा अंक मीच सांगितला होता, तो धर.

१९९७ केलं आहे.